गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवला: रेडिंगच्या घरातल्या कामाच्या नोंदी

घर १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजारच्या घराला चिकटलेलं), ९५ चौरस मीटर, तीन बेडरूम, मागे छोटं एक्स्टेंशन. गॅसवरचा कॉम्बी बॉयलर १६ वर्षांचा झाला आणि दर हिवाळ्यात एकदा तरी बंद पडायला लागला. म्हणून हीट पंप बसवायचं ठरवलं, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर ओढून घर आणि पाणी तापवणारं यंत्र. इकडे इंग्लंडमध्ये बरेच मराठी लोक याच विचारात आहेत म्हणून तारखेनिशी लिहून ठेवतोय. पंप बसवायचं काम इन्स्टॉलरचं, मी फक्त मोजमाप, रेडिएटर, हिशोब आणि कागद एवढं केलं. चुकाही बहुतेक माझ्याच आहेत.

२१ जुलै २०२४

तीन कोटेशन आली. एकाने १० किलोवॅटचा पंप सांगितला, दुसऱ्याने ८.५, तिसरा म्हणाला आधी घर मोजतो मग सांगतो. तिसरा सगळ्यात महाग पण त्यालाच धरून ठेवलंय.

आज बसून खर्चाचा हिशोब केला आणि तो पूर्ण चुकला. माहितीपत्रकावर ए ट्रिपल प्लस, एससीओपी ४.८ असं ठळक छापलंय. एससीओपी म्हणजे अख्ख्या सीझनमध्ये विजेच्या एका युनिटमागे किती युनिट उष्णता मिळते ते. आमच्या घराला वर्षाला अंदाजे १०,००० युनिट उष्णता लागते. भागिले ४.८, गुणिले २२.३६ पेन्स, झाले ४६६ पाउंड. सध्या गॅस वर्षाला ११,८०० युनिट जातो, ५.४८ पेन्सने ६४७ पाउंड. म्हणजे वर्षाला १८० पाउंड वाचणार, मी खूश.

रात्री एनर्जी लेबल नीट बघितलं तर त्याच्यावर दोन बाण आहेत, एक ५५ अंशाच्या पाण्यासाठी आणि एक ३५ च्या. ट्रिपल प्लस फक्त ३५ वाल्याला, म्हणजे अंडरफ्लोअर हीटिंग असेल तर. रेडिएटरसाठी ५५ चा बाण बघायचा, तिथे ए डबल प्लस. वर्गाच्या मागे एक टक्केवारी असते, ती कुठल्या गणिताने येते तेही शोधलं: एससीओपीला २.५ ने भागायचं, १०० ने गुणायचं, ३ वजा करायचे. उलटं केलं की खरा आकडा निघतो. ३५ अंशाला १९० टक्के म्हणजे ४.८ बरोबर, पण ५५ अंशाला १४२ टक्के, म्हणजे ३.६. हिशोब परत केला, ६२१ पाउंड. बचत वर्षाला २६ पाउंड!! बायको म्हणाली एवढ्यासाठी घर खणायचं?

म्हणजे सगळा खेळ पाणी किती कमी तापमानाला फिरवता येतं त्याचा. एमसीएस (पंप आणि इन्स्टॉलर प्रमाणित करणारी योजना) च्या यादीत प्रत्येक फ्लो टेम्परेचरचा, म्हणजे पंपातून निघणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा, एससीओपी वेगळा दिलेला असतो, आमच्या मॉडेलला ४५ अंशाला ४.२ आहे. आता ध्येय ४५.

४ ऑगस्ट

दोन वीकेंड टेप घेऊन घरभर फिरलो. प्रत्येक खोलीच्या भिंती, खिडक्या, छत यांतून किती उष्णता बाहेर जाते ते काढलं, बाहेर उणे २, आत २०-२१ धरून. बेरीज ५.९ किलोवॅट. तिसऱ्या इन्स्टॉलरचं आलं ६.१. आणि जुन्या गॅस बिलावरून उलटा हिशोब केला तर साडेचारच्या आसपास येतंय. हा फरक मुख्यतः हवेच्या गळतीचा, तक्त्यातले आकडे जुन्या गळक्या घरांसाठी सढळ हाताने धरलेत.

मी म्हटलं ५ चा पंप घेऊ. तो म्हणाला नाही चालणार, एमसीएसच्या नियमाप्रमाणे डिझाइन तापमानाला (हिशोबात धरलेल्या त्या उणे २ ला) लागणारी १०० टक्के उष्णता पंपानेच दिली पाहिजे, आणि ती त्यांच्या पद्धतीने काढलेली. तुमच्या बिलावरून नाही. मोठा पंप थंडी कमी असताना सारखा चालू-बंद होत बसतो आणि त्यात कार्यक्षमता जाते, हे त्यालाही मान्य होतं. शेवटी दरवाजांच्या फटी भरल्या, माळ्यावर इन्सुलेशन १०० मिलीवरून ३०० केलं (स्वतः, १९० पाउंड, दोन दिवस अंगाला खाज), परत मोजलं, ५.६ आलं आणि ६ किलोवॅटचं मॉडेल ठरलं. १० वाल्याचं ऐकलं असतं तर काय झालं असतं कल्पना करा.

१८ ऑगस्ट

बॉयलर अपग्रेड स्कीम या सरकारी ग्रँटचे ७,५०० पाउंड मिळतात, अर्ज इन्स्टॉलर ऑफजेमकडे (ऊर्जा नियामकाकडे) करतो, आपल्याला फक्त इमेलवर होकार द्यायचा. पण तेव्हा वैध ईपीसी (घराच्या ऊर्जा कार्यक्षमतेचा दाखला) लागत होता आणि आमचा २०१३ चा होता, १० वर्षं उलटून गेलेली. नवा काढला, ७५ पाउंड. मे २०२४ पर्यंत ईपीसीवर माळा किंवा कॅव्हिटी (दुहेरी भिंतीतली पोकळी) इन्सुलेशनची शिफारस असेल तर ग्रँट अडायची, ती अट आता नाही. हे आधी माहीत असतं तर माळ्याचं काम ऑगस्टच्या उकाड्यात न करता ऑक्टोबरमध्ये केलं असतं.

दुसरी अट एससीओपी किमान २.८. ती सहज बसते.

२४ ऑगस्ट

जागेचा घोळ. मला पंप बाजूच्या बोळात हवा होता, किचनच्या भिंतीला लागून, पाइप तीन मीटर, काम सोपं. प्लॅनिंग परमिशन न काढता बसवायचा तर तेव्हा दोन गोष्टी लागत. पंपाचा कुठलाही भाग हद्दीपासून १ मीटर आत पाहिजे, आणि शेजाऱ्यांच्या राहत्या खोलीच्या खिडकीबाहेर १ मीटरवर आवाज ४२ डेसिबलच्या आत.

बोळ १४० सेंटिमीटर. मागे ३० सोडायचे, पंप ४५ जाड, उरले ६५. संपलं.

तरी आवाजाचा तक्ता भरून बघितला होता आणि तिथेही मी गाढवपणा केलेला. माहितीपत्रकात ‘३ मीटरवर ३८ डेसिबल’ लिहिलंय, तेच घालून पुढे अंतराचे परत वजा केले आणि उत्तर २४ आलं, मांजर चालल्याइतकं. तक्त्यात साउंड पॉवर घालायचा असतो, म्हणजे यंत्र मुळात किती आवाज करतं तो. तो ५५ आहे आणि तो लेबलवरच छापलाय, खालच्या कोपऱ्यात घराच्या चित्राशेजारी! ज्या लेबलने जुलैत फसवलं (म्हणजे मीच फसलो) त्याच्यावरच खरा आकडा होता. बोळातून शेजारच्या बाईंच्या बेडरूमच्या खिडकीपर्यंत ३ मीटर: ५५ वजा १४, ४१, त्यात पार्श्वभूमीचे ४० मिसळले की ४३.५. नापास.

मग मागची भिंत. एक्स्टेंशनच्या कोपऱ्यात मस्त लपला असता पण तिथे जमीन आणि दोन भिंती असे तीन पृष्ठभाग १ मीटरच्या आत येतात, आवाज परावर्तित होऊन वाढतो, ५ मीटरवर ३९, मिसळून ४२.५, जवळच्या पूर्णांकात ४३. परत नापास! एका डेसिबलसाठी. पंप कोपऱ्यापासून सव्वा मीटर सरकवला की एक भिंत गणितातून बाहेर, ५५ वजा १९, ३६, मिसळून ४१.५, म्हणजे ४२. पास, काठावर.

सरकवल्यावर लक्षात आलं की तिथे गटाराची जाळी आहे. यात आर२९० म्हणजे प्रोपेन असतो, हवेपेक्षा जड, गळला तर खाली उतरतो, म्हणून पंपाभोवती कंपनीने ठरवलेल्या पट्ट्यात दरवाजा, उघडणारी खिडकी, गटार काहीच चालत नाही. आणखी ४० सेंटिमीटर सरकवला. आता तो बरोबर बैठकीच्या खिडकीसमोरच्या गुलाबाच्या जागी आलाय. पाइप ३ मीटरचे ९ झाले, कोटेशन ३८० पाउंडांनी वाढलं.

९ सप्टेंबर

ग्रँटचं व्हाउचर मंजूर. एअर सोर्सला (हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपाला) मुदत ३ महिने, म्हणजे ९ डिसेंबरच्या आत सगळं चालू झालं पाहिजे. तेव्हा वाटलं भरपूर वेळ आहे.

घरातला प्रश्न वेगळाच. कॉम्बीला टाकी नसते, हीट पंपाला २१० लिटरचा सिलिंडर लागतो आणि तो मावेल असं एकच कपाट आहे, वरच्या मजल्यावरचं, ज्याच्यात गेली नऊ वर्षं देवघर आहे. परवाच गणपती बसलेत. आई साताऱ्याहून आलीये, ती म्हणाली अनंत चतुर्दशीपर्यंत त्या कपाटाला हात लावायचा नाही, आणि नंतरही देव तुमच्या गरम पाण्याच्या वरच्या फळीवर ठेवणार असाल तर मी परत जाते. १७ तारखेनंतर देवघर जिन्याजवळच्या कोनाड्यात हलवलं. तिथे उजेड जास्त येतो, आता तीच म्हणते आधीच हलवायला हवं होतं.

२२ सप्टेंबर

सगळ्यात महाग चूक. हॉलला डिझाइन तापमानाला १,०५० वॅट लागतात. दुकानात ६०० बाय १,००० चा डबल पॅनल डबल कन्व्हेक्टर रेडिएटर, वर १,७३० वॅट लिहिलेलं, म्हटलं चिक्कार झालं. असे तीन घेतले, एक भिंतीवर चढवलासुद्धा.

ते १,७३० वॅट पाणी खोलीपेक्षा ५० अंश जास्त गरम असेल तेव्हाचे. माझं पाणी ४५ ने जाणार, ४० ने परत येणार, सरासरी ४२.५, खोली २०, फरक फक्त २२.५. गुणक निघतो ०.३५. म्हणजे तो रेडिएटर मला ६१२ वॅट देणार. हॉलला लागतात त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. परत एकदा आकडा बरोबर, अट वेगळी.

दोन परत केले, रिस्टॉकिंगचे ५८ पाउंड गेले, चढवलेला बॉक्स रूमला लावला. हॉलला ६०० बाय १,८०० घेतला, खिडकीखाली कसाबसा मावतो, पडदे आखूड करावे लागले. एकूण सहा रेडिएटर बदलले, तीन तसेच ठेवले. १,१४० पाउंड.

आणि हे मी स्वतः विकत घेतले म्हणून २० टक्के व्हॅट भरला. इन्स्टॉलरने पंपाच्या कामाचाच भाग म्हणून पुरवून लावले असते तर व्हॅट शून्य, ही सवलत ३१ मार्च २०२७ पर्यंत आहे. स्वस्तात मिळतात म्हणून स्वतः घेतले आणि व्हॅट धरून त्याच्याच भावाला पडले. हात दाखवून अवलक्षण.

३ ऑक्टोबर

घोडं अडलं. पंप लावायच्या आधी डीएनओला कळवावं लागतं, म्हणजे आपल्याकडे एमएसईबी तशी इथे तारा आणि केबल ज्यांच्या मालकीच्या ते. इन्स्टॉलरने मीटरचे आणि मेन फ्यूजचे फोटो पाठवले. उत्तर आलं की तुमचा सप्लाय ‘लूप्ड’ आहे. म्हणजे रस्त्यातून केबल शेजारच्या घरात येते आणि तिथून फांदी आमच्याकडे. जुन्या सेमीमध्ये सर्रास असतं म्हणे, मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं. वेगळी केबल टाकल्याशिवाय पंपाला परवानगी नाही, काम ते फुकट करतात, पण तारीख त्यांची आणि खड्डा शेजाऱ्यांच्या बागेत.

शेजारच्या आजी ८१ वर्षांच्या आणि समोर डेलिया फुललेले. त्यांना नीट समजावलं, आधी आवाजाचा तक्ताही दाखवलेला होता त्यामुळे त्यांचा विश्वास बसला असावा. म्हणाल्या थंडी पडून डेलिया काळे पडले की खणा.

११ नोव्हेंबर

तारीख दोनदा बदलली. तिसऱ्यांदा माणसं आली, अर्ध्या दिवसात काम झालं. फ्यूज ६० चा ८० अँपिअर. वाट बघण्यात साडेपाच आठवडे गेले, व्हाउचरचे आता चार आठवडे उरलेत. दिवाळीचा फराळ या वर्षी शेजारी डबल दिला.

माझ्या मते पहिलं काम हे करा: कोटेशन मागवायच्या आधी मीटरपेटीचा फोटो काढा. मेन फ्यूजच्या डब्यातून दोन केबल निघताना दिसल्या तर अर्ज तेव्हाच करा. आमच्या बाबतीत दुसरी केबल आजींच्या बाजूला होती म्हणून दिसली नाही, त्यांच्याकडे बघायला पाहिजे होतं.

२५ ते २८ नोव्हेंबर

चार दिवस, तीन माणसं. पहिल्या दिवशी बॉयलर गेला, तीन रात्री हीटिंग नाही, दोन ऑइल हीटर उसने आणले. मुख्य पाइप २२ चे काढून २८ मिलीचे टाकले कारण ५ अंशाच्या फरकाने ६ किलोवॅट न्यायला मिनिटाला १७ लिटर पाणी फिरावं लागतं. ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव्य) घातला नाही, बाहेरच्या पाइपला अँटिफ्रीझ व्हॉल्व्ह लावले, पाणी गोठायला आलं की ते उघडून पाणी सोडून देतात.

सिलिंडर अनव्हेंटेड (बंद, दाबाखालचा), त्यामुळे जी३ पात्रतेचाच, म्हणजे अशा टाक्यांचं काम करता येणारा, माणूस लागतो. सिलिंडरचा डिस्चार्ज पाइप (दाब वाढला तर पाणी सोडणारा) उतार देऊन बाहेर, दिसेल अशा सुरक्षित जागी काढावा लागतो. आमच्याकडे तो बाथरूमच्या भिंतीतून काढताना दोन टाइल फुटल्या. तशा टाइल आता मिळत नाहीत.

कमिशनिंग (पंप चालू करून तपासणं) २८ ला. एमसीएस सर्टिफिकेट ५ डिसेंबरला आलं, व्हाउचर ६ ला वटवलं. तीन दिवस बाकी होते!

१२ डिसेंबर

मी उष्णतेचा मीटर वेगळा लावून घेतलाय, ४२० पाउंड, घरातल्यांना फालतू खर्च वाटला. पहिल्या ११ दिवसांचे आकडे: उष्णता ६२० युनिट, वीज २१४. म्हणजे २.९. लेबल ३.६ म्हणतंय, सर्टिफिकेट ४.२ म्हणतंय आणि मला २.९!

कारण सापडायला दहा मिनिटं लागली. पाणी सरळ ५५ ला फिक्स ठेवून गेले होते, घर लवकर तापावं म्हणून. वर जुन्या थर्मोस्टॅटच्या सवयीने आम्ही सकाळी दोन तास आणि संध्याकाळी चार तास असं लावलेलं. वेदर कम्पेन्सेशन चालू केलं, बाहेर उणे २ असेल तर पाणी ४५, बाहेर १५ असेल तर २८, आणि पंप दिवसभर चालू ठेवला. आई रेडिएटरला हात लावून म्हणते हे तर कोमट आहे, बिघडलंय. खोली मात्र २०.५.

सर्टिफिकेटवरचं ४५ हे फक्त कागदावर होतं, कंट्रोलरमध्ये ५५. हे तपासायला कोणी येत नाही.

१९ डिसेंबर

रात्री एरर, फ्लो कमी. १७ ऐवजी १० लिटर. मॅग्नेटिक फिल्टर उघडला तर काळा चिखल, जुन्या तीन रेडिएटरमधला. फ्लशिंग केलं होतं पण ते तीन सोडून! फिल्टर आठवड्यात दोनदा धुतला, मग ठीक.

१० जानेवारी २०२५

आठवडाभर कडक थंडी, पहाटे आमच्या थर्मामीटरला उणे ५. खोली १९.५ पर्यंत उतरली, त्याच्याखाली नाही, इमर्शन हीटर लागला नाही. गंमत म्हणजे उणे ५ च्या कोरड्या थंडीपेक्षा १ अंश आणि धुकं हे वाईट. कॉइलवर बर्फ धरतं, दर तासाला डीफ्रॉस्ट, वाफेचा लोट निघतो, आजींनी विचारलं आग लागली का. डीफ्रॉस्टचं पाणी वाटेवर जाऊन गोठलं, मी सकाळी बिन उचलायला गेलो आणि आडवा. खडीचा शोषखड्डा करायचं इन्स्टॉलर म्हणाला होता, मी ९० पाउंड वाचवले होते. आता केला.

२ फेब्रुवारी

जानेवारी: उष्णता १,७३०, वीज ४७८, सरासरी ३.६२. वीज २४.८६ पेन्स, ११९ पाउंड. तेवढीच उष्णता जुन्या बॉयलरने दिली असती तर ६.३४ पेन्सने १२६ पाउंड. महिन्याला ७ पाउंड वाचले. तेव्हा इथे वीज गॅसच्या जवळजवळ चौपट महाग होती, त्यामुळे बॉयलरमध्ये थोडा गॅस वाया जातो हे धरूनही ३.४ च्या खाली गेलात की तोटाच, डिसेंबरचे पहिले ११ दिवस मी तोट्यात होतो.

गॅसचं कनेक्शन काढलं तर रोजचा ३१-३२ पेन्स स्टँडिंग चार्ज वाचतो, वर्षाला ११५ पाउंड. तो खरा फायदा. पण शेगडी गॅसची आहे. इंडक्शन आणून आठवडाभर करून बघितलं, भाजी-आमटी उत्तम, फुलका फुगत नाही आणि भरताचं वांगं भाजायचं कशावर. ठराव नामंजूर.

१ जून २०२५

डिसेंबर ते मे: उष्णता ६,८२० युनिट, वीज १,८७६, सरासरी ३.६४. मार्च-एप्रिलमध्ये ४ पर्यंत गेली, मेमध्ये परत ३.६ कारण फक्त अंघोळीचं पाणी, तेही आठवड्यातून एकदा लेजिओनेला जंतू मरावेत म्हणून ६० पर्यंत न्यावं लागतं. रोजचं ४८ ला ठेवलंय, बादलीला पुरतं.

एकूण खर्च: पंपाचं काम १२,९०० (वाढलेले ३८० धरून), ग्रँट वजा जाता ५,४००. रेडिएटर १,१४०, रिस्टॉकिंग ५८, माळा १९०, ईपीसी ७५, मीटर ४२०, शोषखड्डा ९०. बेरीज ७,३७३.

आणि परवा २९ मेपासून इंग्लंडमध्ये हद्दीपासून १ मीटरची अट काढून टाकली. आवाजाची अट मात्र आहेच. इन्स्टॉलरला मेसेज केला, त्याने नुसता हसरा चेहरा पाठवला. बोळात आवाजाने तरीही नापासच झालो असतो, हे मी तेव्हापासून बायकोला तीनदा सांगितलंय.

आता राहिलेलं: बाहेरच्या पाइपच्या कव्हरला एका जागी चिमण्यांनी भोक पाडलंय ते बुजवायचं, दोन टाइल शोधायच्या, आणि वांग्यासाठी एक छोटी कॅम्पिंगची शेगडी बघून ठेवलीये, २२ पाउंड. आई दिवाळीला परत येतेय, तोपर्यंत थांबतो.